मोजमाप आणि मर्यादा

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. येथे हिरे-व्यवसायाचे उद्यान आहे. हिऱ्याचे वजन कॅरटच्या शंभराव्या अंशापर्यंत, म्हणजे दोन मिलिग्रॅमपर्यंत, पाहण्याची या व्यवसायाची रीत आहे. त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की हजिऱ्याची धुराडी दिसू लागतात. हा प्रवास करताना एक विचार वारंवार मनात येतो. जे विकायचे ते आपण इतके काटेकोर तोलतो. मग जे टाकून द्यायचे त्याचे वजन करण्याची गरज आपल्याला इतकी वर्षे का भासली नाही?

अलीकडे ही गरज भासू लागली आहे आणि ती भागवण्याचे साधन म्हणून माहिती तंत्रज्ञानाकडे पाहिले जाते. धुराड्यात बसवलेले उपकरण बाहेर पडणाऱ्या कणांची नोंद सतत घेते आणि ती नोंद क्षणात नियंत्रण मंडळाच्या संगणकावर पोहोचते. चित्रगुप्ताची वही आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती आता जिवंतपणीच उघडली गेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु वही उघडी असली म्हणजे माणूस नीतिमान होतो काय? या प्रश्नाचा विचार करण्यास सुरतेइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

2009 ते 2011 या काळात अहमदाबाद आणि सुरत परिसरातील कारखान्यांवर एक प्रयोग झाला. प्रदूषण तपासणाऱ्या लेखापरीक्षकाची निवड कारखानाच करी आणि त्याचे शुल्कही कारखानाच देई. साहजिकच परीक्षक मिठाला जागत आणि बहुतेक आकडे कायद्याच्या मर्यादेच्या किंचित आत येत. प्रयोगात परीक्षक चिठ्ठी टाकावी तसे नेमले गेले, त्यांचे शुल्क सामाईक निधीतून दिले गेले आणि त्यांच्या कामाची फेरतपासणी झाली. तेव्हा तेच परीक्षक खरे लिहू लागले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले. माणसे तीच होती. बदलली ती त्यांना खोटे बोलावयास लावणारी व्यवस्था. कुंपणच शेत खात असेल तर केवळ कुंपणाला दोष देऊन भागत नाही. ते कोणी आणि कशासाठी घातले, हेही पाहावे लागते.

पुढे 2019 साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत कणरूप प्रदूषणाच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. कोळसा वा लिग्नाइट जाळणारे 317 कारखाने त्याच्या अभ्यासात होते. त्यांत कापड-प्रक्रियेच्या गिरण्याच अधिक. सुमारे निम्मे कारखाने चिठ्ठीने या बाजारात घेतले गेले. एकूण धुळीची कमाल मर्यादा ठरवून दिली; जो कमी सोडेल त्याने उरलेला परवाना विकावा, जो जास्त सोडेल त्याने तो विकत घ्यावा. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या कारखान्यांचे कणरूप उत्सर्जन इतरांच्या तुलनेने 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाले.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. पैसे मोजून धूर सोडण्याचा हक्क मिळत असेल, तर पापाचीही किंमत ठरली आणि लाजेचे कारण उरले नाही. हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. दंड आणि शुल्क यांत नैतिक अंतर आहे: दंड 'हे करू नकोस' असे सांगतो, शुल्क 'हवे तर कर' असे सांगते. तरीही ज्या मुलाच्या छातीत ती धूळ जाते, त्याला गिरणीमालकाच्या लाजेपेक्षा धुळीचे घटणे अधिक मोलाचे आहे. शिवाय उपकरण आपोआप खरे बोलत नाही. कोणीतरी धुराड्यावर चढून नमुना घ्यावा लागतो आणि त्याच्याशी उपकरण जुळवावे लागते. तो माणूस खोटा निघाला तर यंत्र अष्टौप्रहर, अत्यंत अचूकपणे, खोटेच सांगत राहील. सचोटीची जागा यंत्राने घेतलेली नाही. ती फक्त थोडी मागे सरकली आहे.

येथे धूळ आणि कार्बन वायू यांतील भेदही ध्यानी घ्यावयास हवा. गाळणीत धूळ अडते, कार्बन डायऑक्साइड अडत नाही. त्यासाठी कोळसाच कमी जाळावा लागतो. 2023 साली केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यातील लक्ष्ये उत्पादनाच्या एककामागे आहेत, एकूण उत्सर्जनावर नाहीत. दर टनामागील वायू घटला आणि टनच वाढले, तर आकाशाच्या वहीत बेरीज वाढूही शकेल. इंधन काटकसरीने वापरणारे यंत्र आले की कोळशाचा खप वाढतो, असे जेव्हन्सने 1865 सालीच म्हटले होते. मोजणारे यंत्रही वीज खातेच: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 2024 मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज माहिती-केंद्रांनी वापरली.

हे घरातही अनुभवास येते. कमी वीज खाणारे वातानुकूलन यंत्र आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्या महिन्याचे देयक पाहून मला समाधान वाटले. पुढे 'आता हे परवडते' म्हणून ते दुपारीही चालू राहू लागले आणि वर्षअखेरीस आकडा होता तेथेच आला. आमचे आजोबा खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने येथे आले. निजण्यापूर्वी ते कंदिलाची वात खाली करीत. रॉकेल महाग होते, म्हणून ती गरिबीची काटकसर होती. तिला थोर तत्त्वाचे नाव देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपली परीक्षा त्यांच्यापेक्षा कठीण आहे. त्यांना अभाव अडवीत होता. आपल्याला अडवील असे काही उरलेले नाही.

म्हणून मोजमाप आणि मर्यादा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मोजमाप यंत्र करील, आणि ते त्यानेच करावे. माणसाच्या हाती ते बिघडते, हे या शहराने पाहिले आहे. परंतु 'इतके पुरे' हे वाक्य कोणत्याही उपकरणाला उच्चारता येत नाही. सुरतेतील धूळ घटली ती केवळ मोजली म्हणून नव्हे, तर मोजण्याआधी कोणीतरी तिची सीमा ठरवली म्हणून. गावाच्या नावातच इच्छा असलेल्या इच्छापोरावरून जाताना वाटते, की इच्छेला सीमा घालण्याचे ते काम अजून आपल्याकडेच आहे.