देवाचं लेकरू, शाळेचं देणं

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. तप आणि तीर्थाटन आटोपून चोवीस वर्षांनी समर्थ घरी आले तेव्हा आईची दृष्टी गेली होती आणि लेकाचा हात फिरताच ती परत आली, ही कथाही घरोघरी सांगतात. कथा हृद्य आहे. पण अशा कथांवर वाढलेल्या मनाला अपंगत्व म्हणजे एकतर बरी व्हायची गोष्ट वाटते, नाहीतर सोसायची. नवस, वैदू, शहरातले दवाखाने यांत घरच्यांची वर्षं जातात. मूल जसं आहे तसं शिकवायचं असतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

या सोसण्यामागे एक तत्त्वज्ञान आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचं निरूपण येतं. त्यात आध्यात्मिक तापाखाली समर्थ शरीराच्या व्याधींची लांबच लांब यादी देतात आणि तिची गाठ पूर्वपापाशी घालतात. समर्थांच्या गावाविषयी लिहिताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आजही ‘मागच्या जन्मीचं काहीतरी’ म्हणणारे भेटतात. मवाळ माणसं ‘देवाचं लेकरू’ म्हणतात. पाप म्हटलं की हिशोब मुलाच्या माथी, देवाचं म्हटलं की देवाच्या. शाळा दोन्हीकडून मोकळी.

कर्मसिद्धान्त खरा मानला तरी तो फार तर दुःख कुठून आलं ते सांगेल. शेजाऱ्यानं, गुरुजींनी आता काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. ताप कर्मानं आला म्हणून वैद्य काढा द्यायचं थांबवत नाही. महाभारताच्या वनपर्वातल्या अष्टावक्राचं शरीर वाकडं झालं ते बापाच्या शापानं. पोराचा त्यात काही दोष नव्हता. जनकाच्या दारी द्वारपालानं त्याला पोर म्हणून अडवलं, तेव्हा तो वाद घालून आत गेला आणि भरसभेत बंदी नावाच्या पंडिताला हरवून आला. प्रवेश मिळाल्यावरच विद्येची परीक्षा झाली, हा क्रम शाळांनी ध्यानात घ्यावा.

परंपरेत दयेपेक्षा उपयोगाची कल्पना आहे ती ऋणाची. ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो आणि ऋषींचं ऋण ब्रह्मचर्यानं, म्हणजे विद्यार्थिदशेतल्या अध्ययनानं फिटतं, असं तैत्तिरीय संहिता सांगते. विद्या अशी ऋण म्हणून हाती आली असेल, तर ती पुढच्याला देताना दान केल्याचा आव आणता येत नाही. देणं ठरलं की मागणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

कायदा याच भाषेत बोलतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. प्रवेश नाकारू नका, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करा, अध्ययन अक्षमता लवकर ओळखा, प्रगतीवर लक्ष ठेवा, ही त्यानं शाळांवर टाकलेली कामं. लक्षणीय अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला परिसरातल्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविध अपंगत्वासाठी घरी राहून शिकण्याची सोय आली. मात्र ती निवड मुलाची आणि घरच्यांची आहे. ‘घरीच शिकवा ना’ असं मुख्याध्यापक सुचवू लागले, तर सोय कुणाची होते ते उघड आहे.

एक उणीव मात्र मोठी आहे. अमेरिकेत 1975 च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा आईबापांना सोबत बसवून ठरतो. आपल्याकडे शिक्षकानं पालकांना भेटून प्रगती सांगावी, एवढंच कायदा म्हणतो. सांगणं आणि विचारणं यांत फरक आहे. चमचा कोणत्या हातानं धरतो, कोणत्या आवाजानं बिथरतो, हे आईइतकं कुणाला माहीत असणार? ते न विचारता केलेला आराखडा फायलीपुरताच उरतो. आणि राबवणारा तरी हवा ना! प्राथमिक शाळेत अशा दर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये म्हटलं.

समर्थांनी बारा वर्षं जिथं तप केलं, ती टाकळी नाशिकलाच. त्याच नाशिकात रजनीताई लिमये यांनी पोटच्या मुलाच्या निमित्तानं 1977 मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ट्रस्टचं काम सुरू केलं, तेव्हा आपल्याकडे यांतला एकही कायदा नव्हता. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण घनसावंगीच्या शेतमजूर बाईनं शाळा काढावी, अशी अपेक्षा करता येत नाही. तिच्या गावात शाळा आहेच.

त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. 2012 पासून अपंग मुलं या गटात मोडतात. तेव्हा जूनमध्ये शाळा भरली की अशा मुलाच्या आईनं समितीत जागा मागावी आणि वर्षाचा आराखडा आपल्यासमोर करायला सांगावं. टाळाटाळ झाली तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो.