भिंतीवरची गीता

नाशिकरोडला बिटको चौकातून मुक्तिधाम मंदिराकडे वळायचं, चपला काढून आत जायचं. मकराण्याचा पांढरा संगमरवर तळव्यांना गार लागतो. भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय आहेत. आई गेली त्या वर्षी मी तिथे वरचेवर जायचो. सोमवारी तिने फोनवर विचारलं होतं, "कधी येतोस?" मी म्हटलं, "रविवारी नक्की." शुक्रवारी ती गेली. मरण कुणाच्या हातात नसतं, असं सगळे समजावत होते. पण मधले चार दिवस तर माझ्या हातात होते.

अपराधी मन पोथीसुद्धा आरोपपत्रासारखी वाचतं. कर्म, फळ, नरक, एवढेच शब्द त्याला दिसतात.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारीला, गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली. जेलरोडवरून जाताना मला हे हटकून आठवतं. गीता इतकी कानात भरलेला माणूस कोठडीत बसून काय लिहितो, तर लहानपणचे हट्ट, खोटेपणा, आईला दिलेला त्रास. त्यातला एक प्रसंग मी कितीदा वाचला असेन. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम अडून बसतो, आई धोंडीवर ओचे पसरते, आणि मनालाही असंच जप म्हणून सांगते. त्या माउलीने मातीचं प्रतीक केलं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. माती पायाला लागते, पाय माती होत नाही. ती धुता येते.

गांधीजी कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणातच पाहत. तसं पाहिलं की धनुष्य टाकून रथात बसलेला अर्जुन म्हणजे मीच होतो. आणि नवव्या अध्यायात कृष्ण म्हणतो की अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय योग्य झालेला असतो. मागची वही तिथे कुणी उघडत नाही. त्या ओळींपाशी मी पहिल्यांदा मोकळा रडलो.

प्रतीकाला मर्यादा मात्र आहे. आपण ज्याला दुखावलं तो माणूस प्रतीक नसतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला अंतःकरणातल्या कुरुक्षेत्राच्या गोष्टी सांगणं हा दुसरा अपराध होईल. घेतलेले पैसे परतच करावे लागतात, माफी तोंडाने मागावी लागते. शिवाय अठराव्या अध्यायात अर्जुन उठतो. ज्या वाचनानंतर माणूस बसूनच राहतो, ते अर्धवट राहिलेलं वाचन.

आईची माफी मागायला आता आई नाही. मावशी जेलरोडला एकटी असते. तिचा फोन आला की मी वार सांगत नाही, निघतो.