क्षणार्धात दिलेला निवाडा

कबनूरला यंत्रमागावर राबणाऱ्या एका तरुणाने आठवड्याचा पगार हाती पडताच मुलांना कपडे, मिठाई घेतली. आणि सोमवारी तो शाळेच्या फीसाठी उचल मागताना आम्हांस दिसला. ‘संयम नाही,’ असा निवाडा आमच्या मनाने क्षणार्धात दिला. विचारपूस मागाहून झाली. तो म्हणाला, “फादर, मागं भिशीत ठेवलेलं बुडालं. हातात हाय तेवढंच आपलं.”

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या सुमारास बालकांपुढे खाऊ ठेवून, ‘थांबाल तर दुप्पट मिळेल,’ असे सांगितले. थांबणारी मुले पुढे अधिक यशस्वी ठरली, असे दिसले. (आमच्या प्रवचनांतही हा दाखला येऊन गेला आहे.) परंतु २०१८ च्या मोठ्या अभ्यासात घरची परिस्थिती जमेस धरताच तो संबंध बराचसा विरला. त्याआधी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या रॉचेस्टरच्या प्रयोगात २८ मुले होती. ज्यांना आधी दिलेला शब्द पाळला गेला होता, ती सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांची फसगत झाली होती, ती ३ मिनिटे.

थांबण्याचे बळ असे शब्द देणाऱ्यावरील विश्वासातूनही येते. भय, सवय, सामाजिक कारणे यांमुळे कृतीचे दायित्व उणावू शकते, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आहेच. सेमिनरीत आम्ही ते शिकलोही होतो. त्या तरुणाची जबाबदारी यामुळे संपत नाही. फी त्यालाच भरावयाची आहे. पण भिशी कोणी बुडविली, हे आम्ही त्या दिवशी विचारलेसुद्धा नाही.