गळती, संवर आणि आतली ओल

जहाजावरचा लोखंडी कंटेनर ही पाणी बाहेर ठेवण्यासाठी घडवलेली पेटी आहे. वीस फुटी कंटेनरच्या भिंती आणि छत सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या नालीदार पत्र्याचे असतात, तळाला जाड प्लायवूड आणि दारांच्या कडांना रबरी पट्ट्या असतात. सागरी वाहतुकीतून निवृत्त झाले की असे कंटेनर रस्त्यांच्या आणि धरणांच्या कामांवर कचेरी किंवा गोदाम म्हणून उभे राहतात. भंडारा जिल्ह्यासारख्या धानपट्ट्यात, जिथे वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरातच कोसळतो, तिथे जुन्या पत्र्याचा कस लागतो. पाणी आत येऊ न देण्याच्या या कामात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. माणसाला जे मलिन करते ते बाहेरून आत येते की मुळात आतच असते, आणि त्यावर बंदिस्ती हा उपाय पुरेसा आहे का?

गळती शोधण्याची सर्वांत साधी रीत अशी: भर दुपारी एकाने आत जावे, दारे लावून घ्यावीत आणि डोळे अंधाराला सरावले की उजेडाचे ठिपके कुठे दिसतात ते पाहावे. छताला पोचे पडून जिथे पाणी साचते तिथला पत्रा आधी कुजतो. त्याखालोखाल कोपऱ्यांचे सांधे आणि दाराच्या आवळून गेलेल्या रबरी पट्ट्या. छिद्र सापडले की गंज धातू उघडा पडेपर्यंत खरवडायचा, मोठे भोक असेल तर पत्र्याचे ठिगळ वेल्ड करायचे, मग जस्तयुक्त प्रायमर, त्यावर रंग आणि सांध्यांत सीलंट. गंजावरच रंग फासला तर काही महिने छत नवे दिसते आणि खाली गंज पसरत राहतो. लोखंडातून उपजलेला गंज लोखंडालाच खातो, तशी माणसाची स्वतःची कर्मे त्याला अधोगतीला नेतात, हा दृष्टांत धम्मपदाच्या मलवर्गात आहे, आणि ज्याने पत्रा खरवडला आहे त्याला त्याचे स्पष्टीकरण लागत नाही.

या प्रश्नाची सर्वांत शिस्तशीर मांडणी जैन दर्शनाने केली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सात तत्त्वे सांगितली आहेत: जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा आणि मोक्ष. मन, वाणी आणि काया यांच्या हालचालींतून कर्माचा ओघ जीवाकडे येतो, तो आस्रव. जैन मते कर्म हे सूक्ष्म पुद्गल आहे, खरेखुरे द्रव्य. म्हणून त्याचे आत येणेही खरेच आहे. क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे ते चिकटते, तो बंध. छिद्रे बुजवणे म्हणजे संवर. उत्तराध्ययन सूत्रातील केशी आणि गौतम यांच्या संवादात शरीराला नाव आणि जीवाला नावाडी म्हटले आहे. गळकी नाव पैलतीर गाठत नाही.

पण तत्त्वार्थसूत्र संवरापाशी थांबत नाही, आणि यातच त्याची खोली आहे. हे ध्यानात यायला पूर्ण बंद केलेला कंटेनर पाहावा. एकही छिद्र नसताना आत पाणी टपकते. दिवसा तापलेली आतली हवा ओल धरते, रात्री छत गार पडते आणि त्याला दव सुटून ते थेंबांनी मालावर पडते. वीस फुटी कंटेनरात सुमारे ३३ घनमीटर हवा मावते; ओलीने भरलेली ही हवा ३० अंशांवरून २० अंशांवर आली तर तिच्यातून जेमतेम अर्धा लिटर पाणी सुटेल. मोठा साठा मालात असतो. चौदा टक्के ओलाव्याच्या २० टन तांदळात २,८०० किलो पाणी आहे, आणि तांदूळ त्यातले थोडेथोडे हवेला देत राहतो. बाहेरचा पाऊस अडवल्याने हा साठा कमी होत नाही. उलट बंदिस्तीमुळे त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. पूर्वसंचित कर्म झडावे यासाठी निर्जरा वेगळी सांगितली, तिचे साधन तप, आणि आभ्यंतर तपात पहिले प्रायश्चित्त. केवळ संवर साधलेला साधक आपल्याच जुन्या ओलीत बसलेला असतो.

बौद्ध परंपरेत आस्रव हा शब्द आहे, पण तिथे तो बाहेरून येणारे द्रव्य नाही. काम, भव आणि अविद्या हे चित्तात मुरलेले विकार आहेत. मज्झिम निकायातील सब्बासव सुत्तात ते सोडण्याचे सात मार्ग आहेत आणि पहिला मार्ग दर्शनाचा, म्हणजे नीट पाहण्याचा आहे. इंद्रियसंयम त्यानंतर येतो. हा क्रम योग्य वाटतो: ओल कुठली हे न पाहता केलेली बंदिस्ती आंधळी असते. त्याच सुत्तात निवाऱ्याचा विचारही आहे. ऋतूंचा त्रास टळावा आणि एकांत लाभावा एवढ्यापुरते भिक्षूने निवासस्थान वापरावे. त्यापलीकडे भिंतींना पावित्र्य नाही.

भंडारा जिल्ह्यात हा विचार परका नाही. वैनगंगेकाठच्या पवनीला नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६९-७० मध्ये उत्खनन केले, तेव्हा प्राचीन स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तिथल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे. बोधिप्राप्तीनंतर सात दिवस अवकाळी पाऊस लागला असता या नागराजाने बुद्धांभोवती वेटोळे घालून वर फणा धरला, अशी कथा उदानात आहे. आभाळ निवळल्यावर त्याने वेटोळे सोडले, हा तिचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. कंटेनरलाही हेच लागू पडते. त्याच्या भिंतींत वरच्या बाजूला झाकलेली वायुछिद्रे असतात. ती टेपने बुजवणे ही सर्रास होणारी चूक आहे. उघडीप मिळाली की दारे सताड उघडावीत, माल वाळवूनच भरावा, आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या तर त्या वेळोवेळी बदलाव्यात.

उजेडाच्या परीक्षेने आडवळणाची गळती कळत नाही. त्यासाठी दोघे लागतात: एक बाहेरून नळीने पाणी मारणारा, दुसरा आतून पाहणारा. बौद्ध संघाने तीन महिन्यांच्या वर्षावासाअखेरीस पवारणेचा विधी ठेवला तो याच गरजेतून. त्यात प्रत्येक भिक्षू इतरांना विनंती करतो की, माझा दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका घेतली असेल तर तो मला सांगावा.