लिझावेताचा हिशेब

फ्योदोर दस्तयेव्हस्की यांची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ ही कादंबरी १८६६ साली ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तेव्हापासून वाचक तिच्यावरून भांडत आले आहेत. पैशांअभावी शिक्षण सुटलेला रस्कोल्निकोव्ह हा तरुण, गहाण ठेवून पैसे देणाऱ्या एका म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो आणि मग स्वतःच्याच मनापासून पळत राहतो. कथा एवढीच. पण दोष कुणाचा, त्याला पश्चात्ताप होतो का आणि शेवट पटतो का, या तीन प्रश्नांवर दोन वाचकांचे जमणे कठीण.

वसईत हा वाद जास्तच खोल जातो, कारण अपराधाचे ओझे वागवायच्या अनेक रीती इथे शेजारी-शेजारी नांदतात. ख्रिस्ती धर्मग्रामात वाढलेला माणूस उपवासकाळात धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करतो. कार्तिकात निर्मळच्या यात्रेला जाणाऱ्याच्या मनात तीर्थ आणि नाम असते. बौद्ध घरात खुनी दरोडेखोराचा भिक्खू झालेल्या अंगुलिमालाची गोष्ट माहीत असते. पर्युषण संपले की जैन शेजारी हात जोडून क्षमा मागायला दारात येतात. कादंबरी हातात घेताना प्रत्येक जण आपली रीत बरोबर घेऊन बसतो.

पहिले मत असे, की खरा गुन्हेगार दारिद्र्य. १८६७ साली रशियन टीकाकार पिसारेव्ह यांनी हीच बाजू जोरात मांडली. मराठी वाचकाला ती परकी वाटत नाही. सावकाराच्या वहीने इथली किती घरे खाल्ली हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण कादंबरीनंतर नऊच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी प्रामुख्याने काय जाळले? कर्जरोखे आणि खतपत्रे. त्यांचा राग ज्या कागदाने त्यांना बांधले होते त्यावर होता. त्या दंग्यांत माणसे मारण्याचे प्रकार फारसे घडले नाहीत. गरिबीने माणूस पेटतो हे खरे, पण गरिबी म्हणजे कुऱ्हाड नव्हे. रस्कोल्निकोव्हच्या हाती कुऱ्हाड दिली ती एका हिशेबाने: एक निरुपयोगी जीव गेला आणि त्या पैशांत शेकडो जीव तरले, तर बिघडले कुठे? हे बोलणे तो खानावळीत शेजारच्या टेबलावर ऐकतो आणि दचकतो, कारण नेमके तेच त्याच्याही डोक्यात घोळत असते.

दुसरे मत कादंबरीकार नबोकोव्ह यांचे. खुनी आणि वेश्या मेणबत्तीच्या उजेडात बायबल वाचतात, हा प्रसंग त्यांना ढोंगी आणि भडक वाटला. आमच्याकडेही असे म्हणणारे आहेत. रक्ताने माखलेल्या हाताला धर्मग्रंथ इतका स्वस्त का मिळावा, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र कादंबरीतच आहे, आणि ते बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटते.

खून एक नव्हता, दोन होते. म्हातारीची सावत्र बहीण लिझावेता, उंच, बावळी, सगळ्यांचे ऐकून घेणारी, अवेळी घरी परतली. तिनेच कधीतरी रस्कोल्निकोव्हचा सदरा दुरुस्त करून दिला होता. कुऱ्हाड उगारलेली दिसली तरी तिने डावा हात जरासा पुढे केला, इतकेच. चेहरासुद्धा झाकला नाही. शेकडो जीव तारण्याच्या त्या हिशेबात लिझावेता कुठेच नव्हती. पुढे रस्कोल्निकोव्ह स्वतःच चकित होतो, की आपल्याला तिची आठवण कशी येत नाही. टीकाकारांचेही तेच झाले. म्हातारीच्या खुनावर, महापुरुषांना सारे माफ या रस्कोल्निकोव्हच्या सिद्धांतावर पानेच्या पाने लिहिली गेली. लिझावेता एका ओळीत संपली.

मेणबत्तीच्या उजेडात बायबल वाचणारी ती वेश्या, सोन्या, मात्र तिला विसरत नाही. दोघी मैत्रिणी होत्या, एकत्र वाचत. सोन्याच्या खोलीतले ते बायबल लिझावेताने आणून दिलेले. लिझावेताने आपला क्रूस सोन्याला दिला होता आणि सोन्याने तिला आपली छोटी पवित्र प्रतिमा. म्हणून शेवटी सोन्या लाकडी क्रूस रस्कोल्निकोव्हच्या गळ्यात घालते आणि लिझावेताचा तांब्याचा स्वतः घालते. तो गुन्हा कबूल करतो तेव्हा भीतीने तिचा हात पुढे येतो, अगदी लिझावेतासारखा, आणि त्याला तिच्या चेहऱ्यात मेलेल्या बाईचा चेहरा दिसतो. नबोकोव्ह यांना तिथे खुनी आणि वेश्या दिसली. मला तिथे खुनी आणि मृताची मैत्रीण दिसते. ज्याचे वाईट केले त्याच्या सर्वांत जवळच्या माणसापुढे उभे राहायचे धाडस, याला पापनिवेदन म्हणायचे.

वसईच्या सगळ्या रीती इथे भेटतात. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी दुखावलेल्या भावाशी समेट कर, असे शुभवर्तमान सांगते. क्षमा मागणारा जैन शेजारी थेट त्या माणसाकडे येतो. वाल्या कोळ्याला घरच्यांनी स्पष्ट सांगितले की तुझ्या पापात आम्ही वाटेकरी नाही. सोन्याही पाप वाटून घेत नाही, पण त्याची शिक्षा भोगायला बरोबर चालते. वाल्याच्या घरच्यांचे बोलणे आणि सोन्याचे वागणे यांत विरोध नाही. पाप ज्याचे त्यालाच फेडायचे असते. सोबत मात्र देता येते.

राहिला शेवट. आठ वर्षांच्या सक्तमजुरीवर सायबेरियात गेलेला रस्कोल्निकोव्ह तिथे बराच काळ पश्चात्तापाविना वावरतो. इतर कैदी त्याचा द्वेष करतात आणि सोन्यावर जीव टाकतात. मग आजारातून उठल्यावर नदीकाठी त्याला अचानक नवे जीवन दिसते. हा बदल फार झटपट झाला, ही तक्रार मी मान्य करतो. पण लेखक तिथेच सांगतो की हे जीवन फुकट मिळणार नाही, त्याची मोठी किंमत पुढे मोजायची आहे. अंगुलिमाल भिक्खू झाला तरी भिक्षेला निघाल्यावर लोकांनी त्याला दगड मारले आणि बुद्धांनी त्याला ते सोसायला सांगितले. क्षमेने परिणाम पुसले जात नाहीत.

म्हणून मला ही कादंबरी वसईत वाचणे गरजेचे वाटते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने पाणी उपसणाऱ्या टँकरवाल्यांशी आणि बिल्डरांशी झुंज घेतली, तेव्हा समोरून येणारा युक्तिवाद खानावळीतलाच होता: थोड्यांचे नुकसान, पुष्कळांचा फायदा. त्या हिशेबात ज्याच्या विहिरीचे पाणी आटले, त्याचे नाव लिहिलेले नसते. असा हिशेब कुणी पुढे केला की आपण पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की यात लिझावेता कोण? तिचे नाव मिळेपर्यंत कुठल्याही फायद्यावर सही करू नये.