औषधाने सांडलेले रक्त

कोरोनाच्या विषाणूने फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांत रक्त गोठवून ज्या काळात माणसे नेली, त्याच काळात त्या गोठण्यावर उतारा म्हणून पोटाच्या कातडीखाली टोचले जाणारे हेपॅरिन काही वृद्धांच्या जिवावर बेतले, आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो केवळ वैद्यकाच्या दफ्तरात नोंदवून मिटण्याजोगा नव्हता. या औषधाचा जो प्रकार इस्पितळांत सर्रास वापरला गेला तो बव्हंशी मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडतो. परंतु सत्तरी उलटलेल्या देहात मूत्रपिंडे मंदावलेली, रक्तवाहिन्या जीर्ण आणि हृदयविकारासाठी ॲस्पिरिन पुष्कळदा आधीपासून चालू, अशा स्थितीत खोकल्याच्या एखाद्या उबळीने पोटाच्या स्नायूंतील वाहिनी फुटली की बाहेर थेंबही न दिसता रक्त आतल्या आत साचत जाई आणि रक्तदाब उतरू लागे.

असा रुग्ण दगावला तर त्याचे उत्तरदायित्व कोणावर? हेतू शुद्ध होता, हा जबाब सर्वांत आधी सुचतो, आणि चेतना म्हणजेच कर्म असे मानणाऱ्या बौद्ध विचाराचा त्याला मोठा आधार आहे. पण याच मताची जैनांच्या सूत्रकृतांगात कठोर थट्टा आढळते: पेंडीचा गोळा समजून कोणी माणसालाच सुळावर भाजले तरी तो निर्दोष, ही भूमिका आर्द्रक मुनीला मुळीच मानवत नाही. पुढे उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादातून घडलेला प्राणघात हे लक्षण मुक्रर केले. अनवधान हा नुसता उणेपणा नसून तो स्वतःच दोष आहे, असा त्याचा अर्थ. आणि या वादात माझा कौल जैनांकडे आहे. वैद्याचा हेतू शुद्ध असतोच, नसेल तर तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा न राहता फौजदारीचा होतो. विचारायचे ते एवढेच की, मात्रा ठरवण्यापूर्वी मूत्रपिंडांची चाचणी पाहिली होती काय, आणि हिमोग्लोबिन घसरू लागल्याचे वेळीच कोणाच्या ध्यानात आले काय.

याहून अवघड गुंता पुढेच आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय चाचणीत, ज्यांची प्रकृती अजून अत्यवस्थ झालेली नव्हती अशा दोन हजारांवर रुग्णांपैकी हेपॅरिनची पूर्ण मात्रा मिळालेले शेकडा ८०.२ जण अवयवांना यंत्राचा आधार न लागता जिवंत घरी गेले, आणि नेहमीची प्रतिबंधक मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण ७६.४ होते, उलटपक्षी मोठा रक्तस्राव पहिल्या गटात शेकडा १.९ आणि दुसऱ्यात ०.९ जणांना झाला. (अत्यवस्थ रुग्णांना पूर्ण मात्रेचा लाभ झालाच नाही.) म्हणजे स्थूलमानाने शंभरांत चौघे सावरले आणि एकाचे रक्त वाहिले. पण ते चौघे कोण, हे त्यांना स्वतःलाही कधी कळणार नाही, कारण त्यांतला प्रत्येक जण औषधाविनाही बरा झाला असता असे म्हणण्यास जागा उरते. रक्त वाहिले त्याला मात्र नाव आहे, खाट आहे, दाराबाहेर बसलेला मुलगा आहे. आपला कर्मसिद्धांत फळ ज्याचे त्याच्या नावे रुजू करतो. समूहात विखुरलेल्या, धनी नसलेल्या पुण्याचा जमाखर्च मांडण्याची तजवीज त्यात मला तरी दिसत नाही, आणि म्हणून नावनिशीचे एक पाप चार निनावी पुण्यांहून जड भरते. चरकाने निदानस्थानात शुद्ध चिकित्सेची कसोटी घालून दिली, की तिने एक व्याधी शमवताना दुसरा उपजवू नये. त्या कसोटीला हेपॅरिन कधीच उतरणार नाही, आणि खरे पाहता आजचे कोणतेही प्रभावी औषध क्वचितच उतरेल.

शिवाय रक्तस्रावाची विशेष भीती असलेले रुग्ण या चाचणीतून आधीच वगळले होते. तेव्हा ऐंशी वर्षांच्या, ॲस्पिरिन घेणाऱ्या, मूत्रपिंडे थकलेल्या आजोबांच्या खाटेपाशी उभा असलेला डॉक्टर ज्या आकड्यांच्या भरवशावर मात्रा ठरवीत होता, ते आकडे दुसऱ्याच माणसांचे होते. शंभरांत चौघांचा हिशेब तेथे लागू पडतो असे म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता, पण इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्या रात्रीच ठरवणे भाग होते. अशा ठिकाणी समूहाचे पुण्य त्याच्या बाजूने साक्ष देण्यास येत नाही, आणि त्याची कैफियत तपासताना उमास्वातींनी मुक्रर केलेला तो एकच मुद्दा विचारात घ्यावा लागतो.