चौथ्या धावपटूचा क्रमांक

आखलेली धावपट्टी आणि डांबरी रस्ता सोडून माती, गवत, चढउतार आणि चिखल यांतून धावण्याच्या शर्यतीला क्रॉसकंट्री म्हणतात, आणि तिच्या सांघिक गुणमोजणीत शालेय वयासाठी फार मोलाचे एक तत्त्व दडलेले आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत साधारणतः सहा जणांच्या संघातील पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज केली जाते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. त्यामुळे एका शाळेची मुले पहिली, दुसरी, तिसरी आणि चाळिसावी आली तर तिची बेरीज ४६ होते, आणि आठव्या ते अकराव्या क्रमांकांवर पाठोपाठ पोहोचलेली, वैयक्तिक पदक एकही न मिळवणारी शाळा ३८ च्या बेरजेने तिला मागे टाकते.

या हिशेबाचा मुलांच्या वाढीशी जवळचा संबंध आहे. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारणतः बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो, परंतु एकाच वर्गातल्या दोन मुलांत त्याबाबत दोन-तीन वर्षांचेही अंतर पडू शकते. म्हणून चौदा वर्षांखालील गटातली शंभर मीटरची शर्यत पुष्कळदा लवकर वाढलेला मुलगा जिंकतो, आणि उशिरा वाढणारा मुलगा खेळ हा आपला प्रांत नाही असे ठरवून मैदानापासून दूर होतो. दमसास, म्हणजे दीर्घकाळ श्रम सोसण्याची शरीराची क्षमता, मात्र अनेक वर्षांच्या नियमित सरावाने वाढत जाते, आणि ज्या खेळात चौथ्याची गरज असते त्या खेळात अशा मुलाला थांबून राहण्याचे कारण मिळते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली येथे हा विचार जागेच्या प्रश्नापाशी येऊन अडतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. अनेक शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरतात आणि त्यांतल्या कित्येकांना स्वतःचे पुरेसे मैदान नाही. तरीही या खेळाला लागणारी उंचसखल माती येथून फार लांब नाही. येऊरचे डोंगर, उल्हास नदीचा काठ आणि मलंगगडाचा पायथा हे सारे शहरांना लागूनच आहेत. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथे वनखात्याचे नियम पाळावेच लागतील, आणि ते योग्यही आहे. पण उरलेल्या वाटांवरही शालेय संघ क्वचितच सरावाला जातात. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये शाळकरी मुलेही उत्साहाने धावतात, हे स्वागतार्हच आहे. परंतु ती एका सकाळची आणि ज्याच्या-त्याच्या वेळेची धाव असते, आणि तिच्यातून वर्षभर टिकणारा संघ आपोआप उभा राहत नाही.

क्रॉसकंट्रीच्या या उपेक्षेचे एक कारण बरेच जुने आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भीषण उन्हात झालेल्या क्रॉसकंट्री शर्यतीत ३८ पैकी फक्त १५ धावपटू अंतिम रेषेपर्यंत पोहोचले आणि त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून वगळली गेली. पदकांवर आखलेल्या क्रीडाधोरणात अशा खेळाला मागची जागा मिळणे ओघानेच आले. वास्तविक, लांब पल्ल्याच्या अनेक मोठ्या धावपटूंची जडणघडण याच खेळात होते. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले, त्याआधी सैन्यात असताना २०१५ मध्ये ते क्रॉसकंट्रीकडे वळले होते. तेव्हा त्यांनी विशी ओलांडलेली होती.

मुलींच्या बाबतीत संघाचे महत्त्व अधिकच आहे. पहाटे साडेपाचला एकट्या मुलीला नदीकाठी धावायला पाठवण्यास डोंबिवलीतील बहुतेक पालक धजावणार नाहीत, आणि त्यांची काळजी निराधार म्हणता येत नाही. परंतु शिक्षिकेसोबत सहा-सात मुली निघणार असतील तर तेच पालक संमती देण्याची शक्यता खूप वाढते. अशा वेळी चौथी, पाचवी आणि सहावी मुलगी संघात असल्यामुळेच पहिलीलाही घराबाहेर पडता येते.